मुहूर्ताचा खड्डा

अर्धी स्लॅब पडली होती आणि घरमालकाने खुर्ची मागवली.

मला वाटलं, उन्हात उभं राहून दमले असतील. त्यांच्या दुकानातली लोखंडी घडीची खुर्ची आली. पण मालकांनी, नत्थूजी गभण्यांनी, ती सावलीत ठेवली नाही. माल वर न्यायला आम्ही बल्ल्या आणि फळ्यांचा जो उतार बांधला होता, त्याच्या बरोबर तोंडाशी ठेवली. उपरणं झटकलं, बसले, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "आता एक घमेलं वर जाणार नाही."

पहिली रेजा, म्हणजे माल वाहणारी बाई, भरलं घमेलं डोक्यावर घेऊन त्यांच्यासमोर थांबली. तिच्यामागची थांबली. मग अख्खी रांग थांबली. वरून गोविंदा मिस्त्री ओरडला, "माल कुठं अडला रे?" खाली रेजांनी घमेली उतरवली. मिक्सर तेवढा घरघरत राहिला, कारण त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

ज्यांनी घर बांधलेलं नाही, त्यांना या खुर्चीची दहशत कळायची नाही. स्लॅब म्हणजे छत. ते एका दमात टाकावं लागतं. मध्येच थांबलात की टाकलेला माल घट्ट व्हायला लागतो. मग उरलेला माल त्याच्या शेजारी टाकला, तरी दोघं एकजीव होत नाहीत. मध्ये जोड राहतो, आणि त्या जोडातून ते छत मालकाच्या नातवापर्यंत गळत राहतं. त्यात मार्चचं ऊन. सत्तरचं दशक संपत आलेलं, सिमेंट परमिटवर मिळायचं. भिजवलेलं सिमेंट वाया गेलं, तर पुन्हा तहसील कचेरीत जाऊन कोणापुढे उभं राहायचं? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे, तुमसरच्या एका ठेकेदाराकडची नोकरी सोडून मी स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलं काम होतं. आंधळगावात काम बिघडलं, तर ती बातमी एस.टी.च्या आधी तुमसरला पोचली असती.

"नत्थूजी, झालं काय?" मी विचारलं.

"काय झालं ते तुमाले मालूम हाय."

मला खरंच मालूम नव्हतं, खुर्ची येईपर्यंत मी वर स्लॅबवर होतो. ते मागच्या अंगणात, बुंदीच्या कढईपाशी झालं होतं.

नत्थूजी आणि शेजारचे सुखदेव बांते हे साडू, म्हणजे सख्ख्या बहिणींचे नवरे. शेजारी शेजारी प्लॉट घेतले, एकच नकाशा पसंत केला, एकाच ओवरसियरला, म्हणजे मला, काम दिलं. नत्थूजी धानाचे व्यापारी. पोत्यात हात घालायच्या आधीच भाव पाडणारा माणूस. सुखदेव शेतकरी, घासाघिशीचा त्याला कंटाळा. सुखदेवची स्लॅब आठवड्यापूर्वीच झाली होती. आज मोठ्याची पाळी.

स्लॅबच्या दिवशी मालकानं मजुरांना जेवू घालायची आमच्याकडे रीत आहे. दोघी बहिणी एका चुलीपाशी बसल्या होत्या. मोठी शकुंतलाबाई बुंदी पाडत होती, धाकटी प्रमिला पुऱ्या लाटत होती. स्लॅबच्या दिवशी, घराच्या सावलीत, दोन बहिणी दुसरं बोलणार तरी काय?

"पमे, तुमचं जोत्याखालचं किती झालं वं?"

प्रमिलानं सांगून टाकलं. वर म्हणाली, "आमच्या ह्यायनं तं घासाघीस केलीच नाही, बाई. ओवरसियरनं जे म्हटलं ते देऊन दिलं."

त्या घाण्याची बुंदी जळाली. मजुरांनी ती नंतर मुकाट्यानं खाल्ली. शकुंतलाबाई झारा हातात घेऊनच पुढच्या दारी आल्या. झाऱ्यातून तेल ठिपकत होतं. मिक्सरच्या आवाजावर आवाज चढवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, सारा बजार तुमाले भेते म्हणता ना? मंग ज्या सुखदेवले भाजीचा भाव पुसता येत नाही, त्याचं घर स्वस्त कसं? एकच नकाशा. एकच मिस्त्री. न् आमच्यापेक्षा बैलजोडीच्या किमतीएवढं कमी!"

एवढं सगळ्या रेजांच्या देखत. त्यानंतर नत्थूजींना खुर्ची मागवण्यावाचून दुसरं काय उरलं होतं?

आता फरक का होता ते सांगतो. जोतं म्हणजे घराची बैठक, जमिनीच्या वर दिसणारा चौथरा. जोत्याच्या वरचं काम मी दोघांना सारख्याच ठोक रकमेत करून द्यायचं ठरवलं होतं. जोत्याच्या खालचं, म्हणजे पायाचं काम मात्र मापानं. जितकं खोल जाईल तितके पैसे. कारण खाली काय निघेल, हे खोदल्याशिवाय सांगता येत नाही. सुखदेवचा प्लॉट जुन्या बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर, उंच काठावर होता. हातभर खोदलं की खणखणीत मुरूम. नत्थूजींचा प्लॉट उताराला, बुजलेल्या बोडीच्या पोटात. तिथं कन्हार. आमच्याकडे काळ्या चिकट मातीला कन्हार म्हणतात. धानासाठी तिच्यासारखी माती नाही, पण घरासाठी तिच्याइतकी दगाबाज नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि घराला घेऊन हलते. म्हणून ती सगळी पार करून खालच्या मुरमापर्यंत जावं लागतं. नत्थूजींचे जास्तीचे पैसे असे जमिनीत गेले होते. अक्षरशः.

हे मी त्यांना खुर्चीसमोर उभं राहून सांगितलं.

"खोल गेले म्हणता?" ते शांतपणे म्हणाले. "मुहूर्ताच्या दिवशी मी सोता खड्ड्यात उतरलो. नारळ सोता ठेवलं. खड्डा माह्या गुडघ्याएवढा होता. आता मले काय सांगून राहिले?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मुहूर्त भटजी काढतात. मुहूर्त खोदकामासाठी थांबत नाही. म्हणून पूजेपुरता, कोपऱ्यात, एक गुडघाभर खड्डा करून ठेवायचा. मालक उतरतो, नारळ ठेवतो, हळदकुंकू वाहतो. खरं खोदकाम दुसऱ्या दिवसापासून. नत्थूजी पूजा आटोपून त्याच संध्याकाळी धानाच्या खरेदीला लाखांदूरकडे गेले. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा पाया भरून, माती लोटून, जोतं वर आलेलं. माझं बिल त्यांनी पाहिलं, मापं फुगवलेलीच असणार असं धरून थोडी रक्कम पाडली, आणि महिनाभर गावात सांगत फिरले की ओवरसियरला कसा वाकवला. म्हणजे त्यांच्या मते त्यांचं घर गुडघाभर पायावर उभं होतं. तरी त्यांनी इतके दिवस तक्रार केली नव्हती. साडूचा आकडा कळला आणि तो खड्डा आठवला.

"बाबू! कडा सुकून राहिली!" वरून गोविंदा.

"पोते टाक. पाणी मार."

ओली पोती टाकलेल्या मालाच्या कडेवर अंथरली. तेवढ्यानं थोडा वेळ मिळतो. फार नाही.

पलीकडे सुखदेव आपल्या नव्या घराच्या पायरीवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत होता. त्याचा चेहरा असा फुलला होता, की जणू पोळ्याला त्याच्याच बैलाचा पहिला नंबर आला. तो हाक मारून म्हणाला, "भाऊ, बिगर घासाघिशीचंच सस्त पडते, पाहा."

नत्थूजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझी स्लॅब आता त्या कानांवर अवलंबून होती.

मी म्हणालो, "उकरून पाहू. नैर्ऋत्येच्या कोपऱ्याला. पाया खोल निघाला नाही, तर वरचा फरक मी परत करतो. पण तोवर माल चालू द्या."

"उकरा. माल नाही चालणार." व्यापारी माणूस. स्लॅब पुरी झाली की आपल्या हातात काही उरत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

दोन गडी कुदळ-फावडं घेऊन कोपऱ्याला लागले. माती लोटलेली होती, पोकळ होती, भराभर निघत होती. अर्धं गाव गोळा झालं. पुरी लाटता लाटता प्रमिला आली, पिठाच्या हातानं. शकुंतलाबाई झाऱ्यासकट होत्याच. एक घोटा. एक पोटरी. गुडघा.

खण्ण!

कुदळ सपाट दगडावर आपटली. गड्यानं माती बाजूला केली. खाली दगड, आडवा, सपाट. खड्ड्याचा तळ झाल्यासारखा.

"लागला!" नत्थूजी खुर्चीतून ओरडले. "गुडघा! काय म्हटलं होतं मी? गुडघाच!"

गर्दीतून "अरे बाप्पा" निघालं. एकजण माझ्याकडे पाहून हळहळला, माझ्या घरी कोणी गेल्यासारखा. वर गोविंदानं पाणी मारायचं सोडून फळ्यांच्या कडेशी बसकण मारली. माझ्या जिभेला कोरड पडली होती, पण मला हसूही येत होतं. कारण तो दगड मीच बसवून घेतला होता.

"हा तळ नाही," मी म्हणालो. "ही पायरी आहे. पाया खाली जाताना पायरीपायरीनं रुंद होतो. माणूस पाय फाकवून उभा राहतो, तसा. एक वीत बाहेर सरका आणि खोदा."

"आता बहाणे सांगून राहिला," शकुंतलाबाई म्हणाल्या. पण झारा खाली आला होता.

गडी वीतभर सरकले. कुदळ पुन्हा मातीत गेली. काळी, ओलसर कन्हार वर येऊ लागली. मांडी. कंबर. पुन्हा एक पायरी, पुन्हा वीतभर बाहेर. छाती. आता आत एकच गडी मावत होता. मग त्याचं मुंडासं तेवढं दिसू लागलं. मग तेही दिसेना, नुसतं फावडं वर येऊन माती टाकून परत बुडत होतं. आतून आवाज आला, "मुरूम लागला, बाबू!"

मी नत्थूजींकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

ते खड्ड्याच्या काठाशी होते. पांढरंशुभ्र धोतर खोचलं, कोणाला काही न बोलता गड्याच्या खांद्यावर पाय ठेवला आणि आत उतरले. टोपीही दिसेनाशी झाली. सगळे काठाशी सरकले. मिक्सरवाल्यानंसुद्धा मान लांब केली. आत हात दगडावर थापटल्याचा आवाज येत होता. बैल विकत घेताना पुठ्ठ्यावर थापटतात, अगदी तसा.

मग जमिनीच्या पोटातून आवाज आला, "शकुन! ये, पाह्य! पुरुषभर हाय! पुरुषभराच्या वर!"

एक मूठ वर आली, पिवळ्या मुरमानं भरलेली. "साऱ्या आंधळगावात असा पाया कोणाचा हाय, सांगा!"

"नत्थूजी, माल?" मी विचारलं.

"मंग थांबून काय राहिले? टाका ना!"

त्यांना वर काढायला माणसं धावली. मी आधी जाऊन खुर्चीची घडी केली आणि मिक्सरच्या मागे ठेवली. मग म्हटलं, आता काढा सावकाश.

वाळू लागलेल्या कडेवर गोविंदानं सिमेंटचा पातळ घोळ ओतला, सळईनं कोचून कोचून जुना आणि नवा माल एक केला. रेजा पळत होत्या. दिवस कलायच्या आत स्लॅब पुरी झाली. मी उतारावरून खाली आलो.

खाली सुखदेव उभा होता. खर्रा विसरलेला. चेहरा उतरलेला.

"ओवरसियर," तो हळूच म्हणाला, "मंग माहा पाया किती खोल हाय?"

"मांडीएवढा. तुमच्याकडे मुरूम वरच आहे, सुखदेवभाऊ."

प्रमिलानं ते ऐकलं. "म्हणजे शकुनबाईचं घर पुरुषभर न् आमचं मांडीभर? अवो, मी म्हणतच होती, सस्त काहून मिळालं म्हणून!"

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात पहार आपटून दाखवली. ठिणगी उडाली. त्या मुरमावर रेल्वेचं इंजिन उभं राहिलं असतं. सुखदेवनं ठिणगी पाहिली, मान हलवली, आणि विचारलं, "तरी भाऊच्या पायाएवढा करून देता काय? पैसे देतो." घरात लोक राहायला येणार, आणि मी त्याच्या पायाखाली पाया कुठून घालू? शेवटी त्याच पैशात त्याला पुढे ओटा बांधून दिला. नत्थूजींच्या ओट्यापेक्षा हातभर रुंद. तेव्हा कुठे प्रमिला बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली.

नत्थूजींनी तो खड्डा बुजवू दिला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला, पाहुण्याला, धान विकायला आलेल्याला काठाशी नेऊन दाखवायचे. बिलातली जी रक्कम त्यांनी पाडली होती, ती एके दिवशी स्वतःहून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "लोकं पुसतात, किती लागले. कमी सांगाले लाज वाटते." पाऊस तोंडावर आला तेव्हा मी हात जोडून सांगितलं की, पाणी आत भरलं तर हाच पाया खचेल. तेव्हा त्यांनी जड मनानं माती लोटू दिली.

छताला आतून एक बारीक रेघ राहिली आहे. गळत नाही. ती रेघ पाहिली की मला अजून तहान लागते.

त्या दिवसापासून माझ्या कामात एकच नियम बदलला. पूजेचा खड्डा पूर्ण खोदून झाल्याशिवाय मी नारळ ठेवू देत नाही. मालकाला शिडीनं तळापर्यंत उतरवतो, आणि वर यायची घाई करू देत नाही. मुहूर्त टळतो म्हणून भटजी कुरकुर करतात. दोन सख्ख्या बहिणींची घरं शेजारी शेजारी असली, तर साक्षीला भटजींनाही खाली उतरवतो.