खालची तोटी

“गाडीले माता निघाली का बे, मनोहर?”

मोहगावचे पुंडलिकजी आमच्या वर्कशॉपसमोर असे ओरडत होते, की जाम नदीपलीकडे सावरगावात कुत्री भुंकायला लागली. संत्र्याच्या बागेचे मालक, आवाजही बागेएवढाच. त्यांच्या पांढऱ्या अँबॅसडरच्या बोनेटवर, छतावर, चारही दारांवर देवी निघाल्यासारखे रंगाचे बारीक फोड आले होते. पोळा दोन दिवसांवर. सगळा मुलूख बैल मिरवतो, यांना गाडी मिरवायची होती. आणि ती रंगवणारा माझा भागीदार मनोहर त्या फोडांवरून बोट फिरवत उभा होता.

ही गोष्ट मी पांढुर्ण्यात सतरा प्रकारांनी सांगितली आहे. एका प्रकारात थिनरमध्ये भेसळ होती, दुसऱ्यात नदीची वाफ, तिसऱ्यात गाडीलाच नजर लागली — लोक पोट धरून हसले. अठरावा प्रकार माझ्या बायकोलाही माहीत नाही. तो तुम्हाला सांगून राहिलो.

आधी कॉम्प्रेसरचं सांगतो. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. नागपूरहून जुनाच घेतला, स्टेशनपासून बैलगाडीत आणला. चालू केला की तिगाव स्टेशनवरची मालगाडी घाबरून थांबते, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. मालगाडी थांबत नव्हती. चहावाला मात्र शिव्या द्यायचा. बसवला तो मनोहरने. खाली सिमेंटचा ओटा, पायांखाली ट्रकच्या टायरचे तुकडे, म्हणजे थरथरून सरकणार नाही. आणि टाकी बोटभर तिरपी — कारण हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या बुडाशी जमतं. उताराच्या टोकाला तिथे एक तोटी. रोज सकाळी ती उघडायची, लालसर पाणी जाऊ द्यायचं, कोरडी हवा यायला लागली की बंद करायची. नाही उघडली तर ते पाणी नळीतून स्प्रे गनमध्ये जातं, रंगाखाली दडून बसतं, आणि रात्रीतून फोड उठतात.

आमच्यात वाटणी पक्की होती. रंग त्याचा, यंत्र माझं. तोटी — माझी.

पुंडलिकजी गाडी टाकायला आले, त्या दिवशी चहा पिता पिता सहज म्हणाले, “पोळा झाला की मनोहर आमच्या सौंसरच्या गाळ्यात दुकान टाकून राहिला ना. तुले नाही सांगितलं?”

मी हसलो. म्हटलं, सांगितलं तर, मीच म्हटलं जा. आयुष्यात हजार थापा मारल्या, पण ती एक अजून पचली नाही. मनोहर आणि मी बारा वर्षं एका सायकलवर डबल सीट हिंडलेली माणसं. त्याच्या लग्नात त्याच्यापेक्षा जास्त मी नाचलो. एक शब्द सांगायला काय झालं होतं त्याला? मी वाट पाहिली. आज सांगेल, उद्या सांगेल. तो गाडी घासत राहिला, शीळ घालत राहिला. मला धोका दिला त्याने — हे मी आजही म्हणतो. पण एवढंच म्हणून थांबलो, तर हा सतरावाच प्रकार होईल, नाही का?

चार दिवस मी तोटी उघडली नाही.

विसरलो नव्हतो. विसरलो असं स्वतःला सांगून पाहिलंय — बसत नाही. रोज सकाळी तिच्यासमोर उकिडवा बसायचो, तिला हात लावायचो, आणि उठायचो. बाहेर झड लागलेली, हवा ओलीचिंब. यंत्र टायरांत हवा भरत राहिलं, पाणी साचत राहिलं. चौथ्या दुपारी मनोहरने रंगाचा शेवटचा हात मारला. गाडी अशी चकाकली की त्याने तिच्यात पाहून केस विंचरले. मी बाजूलाच उभा होतो.

दुसऱ्या सकाळी मी त्याच्याआधी पोचलो. फोड पाहिले. इथे तरी माणसाने थांबावं ना? नाही थांबलो. तोटी उघडली. दोन तांबे पाणी निघालं — हा आकडा वाढवलेला नाही. ते नालीत ओतलं, मोटर चालू करून टाकी पुन्हा हवेने भरली, आणि वाट पाहत बसलो.

म्हणून पुंडलिकजी ओरडत असताना मनोहरने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तयार होतो.

“पाणी काढलं होतं ना?” त्याने विचारलं.

“रोज काढतो. पाह्य ना.”

त्याने सगळ्यांसमोर तोटी उघडली. कोरडी फुस्स. तिच्याखाली तळवा धरला, उलटासुलटा पाहिला, पँटला पुसला — पुसायला काही नव्हतं. मग पुंडलिकजींपुढे हात जोडून म्हणाला, चूक माझी, रंग पातळ करताना चुकलो असेन. आणि मी? मी मान हलवली. होतं असं कधी कधी, असंही म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

पोळा निघून गेला. मनोहरने सगळा रंग खरवडून गाडी पुन्हा रंगवली. त्या दिवसांत मी तोटी दिवसातून तीनदा उघडत होतो. गाडी आरशासारखी झाली, तरी तो प्रत्येक हातानंतर तिच्याजवळ बसून राहायचा, बोट लावून पाहायचा, पुन्हा पाहायचा. शीळ नाही. पुंडलिकजी तोंडाचे फाटके, पण मनाचे मोठे. गाडी नेताना म्हणाले, झालं गेलं, गाळा तुझाच आहे, केव्हाही ये.  मी एवढं करूनही तो जाणारच होता तर.

आठवडाभराने तो गन धुवत बसला होता. मी जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, सौंसरले कधी जाऊन राहिला?

मला कसं कळलं, हेही त्याने विचारलं नाही. गनची जाळी थिनरमध्ये बुडवली.

“नाही म्हणून सांगितलं त्यायले,” तो म्हणाला. “माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला.”