चौथा राक्षस

आंब्याची पेटी उघडली, पेंढ्याचा वास आला की मी अजूनही थेट पावसला, सरांच्या पडवीत जाऊन बसते. सत्त्याऐंशीचा मे महिना. आमच्या गणिताच्या सरांनी विनोदी कादंबरी लिहिली होती. तिच्यात माणसं खायला समुद्रातून आलेला राक्षस हापूसच्या नादी लागतो. चित्रं मी काढत होते आणि माझे तीन राक्षस सरांनी परत केले होते.

"अगो, हे भीती घालतात. मला हसव! नाहीतर दुसरं कोणी बघतो."

मी रडकुंडीला आले. तेवढ्यात काकूंनी आंबे आणले. सरांनी डोळे मिटून कोय चोखायला घेतली. रस मिशीतून हनुवटीवर, तिथून कोपरापर्यंत. मी गुपचूप पेन्सिल उचलली आणि शेवटी डोक्यावर दोन शिंगं काढली.

सर खो खो हसले. "हाच तो! कुठे भेटला तुला?"

"सुचला," मी म्हटलं.

काकूंनी चित्राकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून माझ्यापुढे आणखी एक आंबा ठेवला.

सरांना कसं फसवलं, या आनंदात मी पुस्तक येईपर्यंत होते. पहिली प्रत त्यांनी मला सही करून दिली. सहीच्या डोक्यावर दोन शिंगं होती.