साडूने बदलून आणलेला संगणक

माझ्या साडूने मला फसवलं, हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवर सळया चढवण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचं दुकान उभं केलं. त्या बाजारातल्या भल्याभल्यांना मला गंडवणं जमलं नाही. आणि ज्याने आयुष्यात भाजीवाल्याशीसुद्धा कधी घासाघीस केली नाही, त्या माणसाने मला टोपी घातली.

हा माणूस टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून कामोठ्यातल्या त्याच्या सोसायटीला शांतता नाही. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. कुणाकडे चहाला गेला की कप हातात धरून आधी त्यांच्या संगणकाचा पंखा ऐकणार, डॉक्टर छाती ऐकतो तसा. "धूळ खातोय बिचारा," म्हणणार, आणि यजमानाने हो-नाही म्हणायच्या आत झाकण काढून जुन्या टूथब्रशने आत साफ करायला लागणार. दुसरं वेड तुलनेचं. कुठल्याही दोन वस्तू समोर आल्या की हा लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघा मारून तक्ता काढतो. माझ्या बायकोला एकाच वेळी दोन स्थळं आली होती, तेव्हाही या थोरल्या भाऊजींनी तक्ता काढला होता म्हणे. त्यात 'राग' या रकान्यात मी बराच पुढे होतो.

आमची मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला लागली. ड्रॉइंग करायला घरात संगणक नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लागायचा नाही, आणि पहिल्याच सत्रात तिची चार ड्रॉइंग्ज अर्धवट राहिली. आता शिक्षण सोडते म्हणून ती दोन दिवस जेवली नाही. मी जुना पण चांगला संगणक घ्यायचं ठरवलं आणि चूक केली, साडूला बोलावलं. "दोन कोअरवाला घेऊ, म्हणजे दुप्पट वेग," मी म्हणालो. झालं! हा उठला तो थेट आमच्या स्वयंपाकघरात. कुकर चढलेला होता. याने शेजारची, भाजीची कढई ठेवलेली शेगडी पेटवली आणि मला विचारलं, "शेठ, आता भात निम्म्या वेळात होईल?"

"कसा होईल?"

"नाही ना? पण शेजारी भाजी होईल. दोन कोअर म्हणजे एवढंच. आणि शेगड्या दोन आहेत म्हणून सगळे गॅस सारखे नसतात. ज्योत कशी आहे ते बघा, ओटा केवढा आहे ते बघा, मीठ हाताशी आहे की दरवेळी माळ्यावर चढावं लागतं ते बघा."

हे व्याख्यान चालू असताना भाजी करपली. बायकोने दोघांनाही बाहेर काढलं.

वाशीच्या दुकानात दोन काळे डबे होते, दिसायला जुळे भाऊ. दोन्ही दोनच कोअरचे. एकावर तीन पॉइंट दोन गिगाहर्ट्झ, दुसऱ्यावर दोन पॉइंट चार. आकडा मोठा तो माल दमदार, त्यात विचार कसला करायचा? साडू माझ्या कानाशी कुजबुजत होता, "शेठ, मोठ्या आकड्याचा खूप जुना आहे. छोटा चार पिढ्या नवा आहे, एका ठोक्यात जास्त काम करतो, तापतही कमी." मी म्हटलं, "ओ साडू, खरेदी कोण करतंय?" दोन तास दुकानदाराला घाम फोडून मी मोठा आकडा मला हव्या त्या भावात मिळवला. डबा दुसऱ्या दिवशी साडू घेऊन येणार होता. घेऊन आलाही. मुलीची ड्रॉइंग्ज भराभर उघडायला लागली आणि तीन वर्षं मी माझ्या मोठ्या आकड्याचं कौतुक गावभर सांगत हिंडलो.

ती पास झाली त्या रविवारी घरात जेवण होतं. श्रीखंड वाढताना मी पाहुण्यांना सांगत होतो, "तीन पॉइंट दोन! मी निवडला." मुलगी हसली. "बाबा, तो दोन पॉइंट चारचा आहे. काकांनी तेव्हाच बदलून आणला. दुकानदार त्या भावात देत नव्हता, म्हणून काकांनी त्याचे बंद पडलेले तीन संगणक तिथेच बसून चालू करून दिले."

भर पंगतीत माझी अशी किंमत! मी ओरडलो, "मला न विचारता? माझा शब्द फिरवला तुम्ही!"

साडूने पुरीचा तुकडा खाली ठेवला. "शेठ, गिऱ्हाईक साध्या लोखंडाची जाड सळई मागतं, तेव्हा तुम्ही त्याला बारीक पण चांगल्या ग्रेडची देता. का देता? तुम्ही ऐकलं नसतंत. पोरीचं वर्ष गेलं असतं."

मी त्याला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर. त्याने हात धुतले, चप्पल घातली आणि तो गेला. वर्ष झालं, आमच्या घराची पायरी चढलेला नाही. त्याची बायको येते, माझ्या बायकोशी बोलते, जाते.

गेल्या महिन्यात मुलीला नवा संगणक हवा होता. आता ती बेलापूरला नोकरी करते. मी एकटाच दुकानात गेलो. पोरगेल्या विक्रेत्याने चार कोअर, सहा कोअर, आठ कोअर असं सगळं समोर मांडलं. मी सगळ्यात मोठ्या आकड्यावर बोट ठेवलं. "एकदम बरोबर, शेठ," तो म्हणाला. दुसऱ्यावर ठेवलं. "हाही एकदम बरोबर!" मी शेजारी बघितलं. चुकताय म्हणायला कुणी नव्हतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच भाव न करता दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

याला जबाबदार कोण? ज्याने मला त्याच्या सल्ल्याची सवय लावली आणि एका शब्दावरून ती मोडून निघून गेला, तोच. फसवलं ते फसवलंच, ते मी सोडणार नाही. त्याने मला जाब द्यायला हवा. फोनवर नको, निरोपाने नको. माझ्या घरी येऊन, माझ्यासमोर बसून द्यायला हवा. मुलीच्या नव्या संगणकाची खरेदी तोवर थांबलेली आहे.