चालू हाय का?

माझ्या कंप्यूटरमध्ये आवाज फार साठलेत. सतार, सनई, पखवाज, कुठल्या तरी परदेशी चर्चमधली घंटा. कधीतरी लागतील म्हणून उतरवून घेतले आणि बहुतेक उघडलेही नाहीत. किस्स्यांचंही तसंच होतं. ऐकायला कोणी नसलं की ते साठत जातात आणि एखाद्या दिवशी कोणी नुसतं “कसं काय?” विचारलं, तरी सगळे एकदम बाहेर पडतात. समोरच्या माणसाला रिक्षा पकडायची असते! म्हणून लिहून ठेवतोय. लिहिण्याजोगे आहेत की नाहीत, याची मला खात्री नाही. पण मला कशाचीच खात्री नसते.

मी मूळचा सोलापूरचा. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य घालवलं. निवृत्त झालो तरी बोईसरमध्येच राहिलो. लग्न केलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं, निर्णय होईना, एवढंच. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून घरच्या घरी संगीत तयार करायचं सॉफ्टवेअर शिकलो. टेबलावर एक छोटा कीबोर्ड, कानाला हेडफोन. एक पट्टी दाबली की व्हायोलिन वाजतं, मेन्यूतून नाव बदललं की तीच पट्टी बासरी होते. खोलीत भरपूर वादक आणि माणूस एकच.

*

पहिला किस्सा भिंतीपलीकडचा. शेजारी मिश्राजी राहतात, कारखान्यात शिफ्टला जातात. एका रविवारी सनईचा आवाज मिळाला म्हणून मी हेडफोन काढून स्पीकर लावला आणि सकाळभर सनई वाजवली. दुपारी बेल वाजली. दारात मिश्राजी, मागे त्यांची बायको, हातात मिठाईचा डबा.

“अंकल, शादी है क्या?”

मी म्हटलं, “नहीं, नहीं.”

“अरे, शरमाइए मत! इस उमर में हिम्मत चाहिए. मुबारक हो!”

“मिश्राजी, शादी नहीं है. सिर्फ शहनाई है.”

मिठाई मात्र त्यांनी परत नेली नाही. माणूस चांगला.

*

बोईसरजवळच्या पाम गावात मारुतीच्या देवळात दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. तिथे मी पेटी वाजवायचो. वाजवायचो म्हणजे चुकायचो. मला तिथे नेलं हरिभाऊंनी. हरिभाऊ पाटील म्हणजे पामचे वाडीवाले, स्वतःची बागायत असलेले. बोईसरच्या बाजारात त्यांचा भाजीचा गाळा आहे. भजनात झांज वाजवतात. मी त्यांच्याकडे भाजी घ्यायचो आणि वांगं घ्यावं की भेंडी, हे ठरवायला मला इतका वेळ लागायचा, की ओळख होणं भागच होतं. मला ते डॉक्टर म्हणतात. त्यामुळे पहिल्याच गुरुवारी अर्ध्या मंडळाने मला गुडघे दाखवले.

मी सांगत राहिलो, “मी तो डॉक्टर नाही, मी रसायनाचा.”

एक आजी म्हणाल्या, “मंग रसायन द्या की!”

*

पखवाजवाले नामदेवराव मुलाकडे वापीला राहायला गेले आणि भजन पांगळं झालं. मला वाटलं, आपण इथे उपयोगी पडू. लॅपटॉप, स्पीकर, कीबोर्ड घेऊन गेलो. पखवाजाचा आवाज असा काही, की बुवा म्हणाले, “नामदेव परत आला!” कमळाकर बुवा म्हणजे आमचे गायक, सहज कौतुक न करणारे.

फक्त माझं ते सॉफ्टवेअर ट्रायलचं होतं. विकत घ्यायच्या आधी परवान्याच्या सगळ्या अटी वाचायच्या म्हणून मी थांबलो होतो. बहुधा जगात त्या अटी वाचणारा मी एकटाच असेन. तर ऐन अभंगात, बुवांनी डोळे मिटून तान घेतलेली, आणि स्पीकरमधून एक बाई गोड इंग्रजीत म्हणाली, की आपण ट्रायल व्हर्जन वापरत आहात.

बुवांनी डोळे उघडले. थोड्या वेळाने ती परत बोलली. तिसऱ्यांदा बोलल्यावर हरिभाऊ वैतागले.

“बाई कोण हाय ही? सारखी मदीच बोलते!”

बायकांमध्ये बसलेल्या त्यांच्या पत्नी मंजुळावहिनी शांतपणे म्हणाल्या, “बोलू द्या. तुमच्यापरीस तालात बोलते.”

*

पट्टी दाबणं आणि आवाज येणं यांत कंप्यूटरमध्ये कधी कधी किंचित अंतर पडतं. मी ते मंडळाला समजावून सांगत होतो, की मी वेळेवर दाबतो, पण आवाज उशिरा येतो.

हरिभाऊ म्हणाले, “तुमच्यावरच गेलाय. काय इचारलं की पुढच्या गुरवारी उत्तर!”

त्या इंग्रजी बाईमुळे एव्हाना मी सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. त्याच दिवशी मी त्यांना त्यातलं ‘ह्युमनाइझ’ नावाचं बटण दाखवलं. मशीनचा ठेका फार अचूक, त्यामुळे निर्जीव वाटतो. हे बटण दाबलं की ते माणसासारखं जरा मागेपुढे वाजवतं, थोडं चुकतं.

हरिभाऊंनी झांज मांडीवर ठेवली. “म्हंजे चुकायसाठी बटण?”

“हो.”

“आन् ते तुमी इकत घेतलं?”

“हो.”

“अवो, आमी जलमभर फुकट चुकतो हाय, तवा कोन ताली वाजवत नाय!”

भजन सुटलं की ते मला स्कूटरवर बोईसरला सोडायचे. वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं नाही, पण बोलत राहायचे. आठवडाभर मी काय बोललो याचा हिशेब मांडला, तर तो सगळा त्या स्कूटरवर निघेल.

*

आता झांजेचा किस्सा. कंप्यूटरमध्ये हजार वाद्यं, पण आमच्या भजनातल्या झांजेसारखी झांज नाही. परदेशी आवाज लावून बघितला, तर बुवा म्हणाले, “भांडं पडलं का कुठं?” म्हणून मी ठरवलं, की हरिभाऊंची झांज आपणच रेकॉर्ड करायची. एकेक ठोका सुटा घ्यायचा: हळू, मध्यम, जोरात. मग पट्टी दाबू तशी झांज वाजेल.

हरिभाऊ घरी आले. येताना वहिनींनी दिलेला डबा आणला, मीठ-हळद लावलेली पापलेटं. डबा फ्रिजमध्ये ठेवला. खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला आणि फ्रिज घरघरतो म्हणून त्याचंही बटण बंद केलं. दोघं घामाने निथळत बसलो.

मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि खुणेने वाजवा म्हटलं.

हरिभाऊंनी झांज उचलली आणि विचारलं, “चालू हाय का?”

“चालू आहे, वाजवा.”

खण्ण! सुरेख. पण मध्ये आमचं संभाषण. म्हटलं, हरिभाऊ, बोलू नका. बरं म्हणाले. पुढच्या ठोक्याला पुन्हा झांज उचलली, माझ्याकडे बघितलं आणि “चालू हाय का?” माझ्या तोंडूनही निघून गेलं, “चालू आहे, वाजवा.” शेवटपर्यंत हेच! एक ठोका विचारल्याशिवाय पडला नाही. मी म्हटलं असू दे, बोलणं नंतर कापून टाकता येतं.

काम झालं. मी खुशीत होतो. इतक्या खुशीत मी फारसा नसतो, म्हणून सवय नाही. मी म्हणालो, “हरिभाऊ, आता काळजी मिटली. तुम्ही आला नाहीत तरी तुमची झांज वाजेल!”

हरिभाऊ टॉवेलात झांज गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला.

“हां,” म्हणाले. “बरं झालं.”

आणि गेले.

फ्रिज चालू करायचा मी विसरलो. दोन दिवसांनी दारात मिश्राजी, नाकाला रुमाल. “अंकल, अब क्या बजा रहे हैं?”

*

पुढच्या गुरुवारी हरिभाऊ आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. गाळ्यावर गेलो, तर वहिनी बसलेल्या. पापलेटांचं काय झालं ते मी सांगितलं. त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, “घरी जाऊन सांगते त्यांना, लय हसतील.”

“ते भजनाला का येत नाहीत?”

वहिनी भेंडी निवडत म्हणाल्या, “कटाळा करतात.”

मी तिथेच उभा राहिलो. भाजी घेत नव्हतो, हलतही नव्हतो. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “ते बोलतात, माजी झांज डाक्टरांच्या पेटीत गेली. आता मी जाऊन काय करू?”

मी घरी आलो. मला म्हणायचं होतं एक, आणि पोचलं भलतंच. मोबाईलवर मेसेज लिहिला, खोडला. ‘प्रिय हरिभाऊ’ फार औपचारिक वाटलं. नुसतं ‘हरिभाऊ’ रागावल्यासारखं वाटलं. प्रबंध लिहितानाही मी इतकं खोडलं नव्हतं. फोन करावा, तर त्यांनी उचलला नाही तर? आणि उचलला तर?

त्यातच बुवा म्हणाले, “आता मी आन् तुमचा लॅपटॉप. याला भजन नाय म्हणत. या गुरवारी राहू द्या, फुडचं बघू.” गुरुवार गेला, म्हणजे माझ्या आठवड्यात बोलण्याचा जो एक दिवस होता तो गेला.

*

त्या मोकळ्या गुरुवारी संध्याकाळी मी झांजेचं काम काढून बसलो. रेकॉर्डिंग मी आधीच कापून ठेवलं होतं, नको असलेलं फेकून कचरापेटीसुद्धा रिकामी केली होती. लॅबची सवय, टेबल स्वच्छ लागतं. आता फक्त पट्ट्यांना आवाज जोडायचे होते. जोडले. पट्टी दाबली.

“चालू हाय का?”

दुसरी दाबली.

“चालू हाय का?”

मी उलटं कापलं होतं! बोलणं ठेवलं होतं आणि झांज फेकून दिली होती. डावीकडच्या, खालच्या सुरांच्या पट्ट्यांवर हरिभाऊ रेड्यासारखे विचारत होते, उजवीकडच्या वरच्या सुरांवर चिमणीसारखे. मी एकटाच हसलो. मग मधली पट्टी दाबली. तिथे ते अगदी हरिभाऊच होते, माझ्या खोलीत बसलेले.

“चालू हाय का?”

“चालू आहे, वाजवा,” मी म्हणालो. सवयीने.

पुढे काही वाजलं नाही.

 मग फोन उचलला आणि विचार करायच्या आत नंबर लावला. तिकडून “हॅलो” आलं. हरिभाऊच होते. 

“हॅलो? कोन? डॉक्टर काय?”

 मी फोन स्पीकरजवळ धरला आणि मधली पट्टी दाबली.

“चालू हाय का?”

 तिकडून नुसतं वहिनींनी कढईत काहीतरी परतलेलं ऐकू आलं. मला वाटलं, फोन ठेवणार आता. मी पट्टीवरून बोट उचलायचंही विसरलो होतो.

मग हरिभाऊ बोलले. सावकाश, एकेक अक्षर सुटं करत, थेट माझ्या आवाजात:

“चालू आ-हे. वाजवा.”

मी म्हणालो, “हरिभाऊ, माझ्याकडे वाजवायला काही नाही. झांज पुसली गेली.”

पावलांचा आवाज. काहीतरी उघडल्याचा, टॉवेल झटकल्याचा आवाज. आणि फोनमधून ठोका आला. हळू. मग मध्यम. मग जोरात, इतका जोरात की वहिनी ओरडल्या.

“घेतलं काय?” हरिभाऊंनी विचारलं.

“घेतलं.”

“मंग फ्रिज चालू करा आता!”