डावीकडचं पुढचं चाक

त्यांना सगळे सूतभर म्हणत. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, आणि तेवढ्या वर्षांत कुणी दार बसवून "झालं" म्हटलं की हे एक डोळा मिटून म्हणायचे, "सूतभर डावीकडे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघायचं, आणि खरी पंचाईत तीच होती. बरोबर असण्याची सवय लागलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचं काही खरं नसतं.

रंधा खाली ठेवल्यावर त्यांची सगळी माया आपल्या छोट्या गाडीवर जडली. गाडी दहा वर्षांची, पण सीटवरचं मूळ प्लास्टिक गेल्या वर्षी निघालं, तेही बायकोने कात्री हातात घेतली म्हणून. गाडी क्वचितच बाहेर पडायची, आणि चालायची अशी की सायकलवाले मागून घंटी वाजवायचे.

पुढे बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जायचं ठरलं, आणि दवाखाना नेमका एका चढाच्या टोकाला. एका सकाळी रस्ता ओला होता. अर्ध्या चढावर पुढची गाडी थांबली म्हणून सूतभरांनाही थांबावं लागलं. मग निघायला गेले तर इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलेना. उलट वीतभर मागेच सरकली. मागून हॉर्न सुरू झाले.

"क्लच गेला," सूतभरांनी निकाल दिला.

"मी उतरते."

"अगं, बसून राहा. गुडघा नवा आहे तुझा."

तोवर काठी बाहेर पडली होती आणि काठीमागून काकू. त्या फुटपाथवर उभ्या राहिल्या, जरा वाकून गाडीकडे पाहिलं आणि हळूहळू चढ चढू लागल्या. सूतभर गाडी मागे घेऊन लांबच्या रस्त्याने पोचले, तेव्हा काकू बाकावर बसून पाणी पीत होत्या. एवढा चढ पायी आल्या म्हणून व्यायाम शिकवणारी बाई त्यांचं तोंड भरून कौतुक करत होती. सूतभरांना बायकोचा अभिमान वाटला, पण गाडी हरली आणि गुडघा जिंकला हे काही त्यांना पचेना.

पुढचे दहा दिवस त्यांनी स्वतःच तपास केला. क्लच बरा आहे असं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मेकॅनिकने सांगितलं, तर त्यांनी तो मेकॅनिकच नापास केला. टायरच्या खाचांत पट्टी घालून मापं घेतली. पावणेदोन सूत खोल, जवळजवळ नव्यासारखी. टायर टणक असलेले बरे म्हणून हवा वाढवली. गाडीला वजन हवं म्हणून डिकीत वाळूच्या दोन गोण्या टाकल्या. पुढच्या ओल्या सकाळी गाडी चढाच्या पायथ्यालाच अडली.

खरं तर त्यांच्या सख्ख्या पुतणीचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. पण ती अठरा वर्षांची असताना सूतभरांनी तिला बजावलं होतं, "हे काम तुझं नाही." तिने ऐकलं नाही. गॅरेजला बारा वर्षं झाली, आणि बारा वर्षं काकांची गाडी शहराच्या त्या टोकाला जात होती. शेवटी काकूंनीच तिला गुपचूप फोन केला. "मी बोलावलं म्हणू नकोस. सहज आले म्हण."

दुपारी पुतणी आली. "सहज आले," म्हणाली. हातात जॅक होता.

सूतभरांनी जॅककडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. काकूंना एकाएकी कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या.

"काका, गाडी अडते तेव्हा चाक फिरतं, की नुसतं इंजिन ओरडतं?"

सूतभर गाडीच्या आत बसलेले असायचे, त्यांना कसं दिसणार?

"फिरतं," काकू घडी घालता घालता म्हणाल्या. "डावीकडचं पुढचं. गरागरा. उजवं नाही फिरत."

"मग हे तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही क्लच म्हणालात ना."

पुतणी डाव्या चाकापाशी उकिडवी बसली. टायरमध्ये नख रुतवून पाहिलं, पण रबराने दाद दिली नाही. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे तिने बोटाने पुसून दाखवले. "पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षांपूर्वीचा टायर आहे, काका. खाचा शाबूत आहेत, पण रबराचं लाकूड झालंय. उजवा तुम्ही पंक्चरनंतर नवा घातला ना? तो रस्ता धरतो. डावा निसटतो, आणि इंजिनचा जोर त्या निसटणाऱ्यातच वाया जातो. वर हवा जास्त."

"आणि गोण्या?" सूतभरांनी जरा हळूच विचारलं.

"हिला पुढची चाकं ओढतात. मागे वजन टाकलंत की चढावर पुढचं हलकं होतं."

"रबराचं लाकूड," सूतभर पुटपुटले. लाकडावर हयात घालवलेल्या माणसाला ते ओळखता आलं नव्हतं. त्यांनी स्वतः टायरमध्ये नख रुतवलं, मग उजव्यात रुतवलं, पुन्हा डाव्यात. पुतणीने घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाडी दोन गल्ल्यांपलीकडे गेली. तीन जुने टायर बदलले, हवा गाडीच्या दरवाजावरच्या चिठ्ठीत लिहिली होती तेवढी भरली, गोण्या उतरल्या. सूतभर स्टुलावर बसून सगळं पाहत होते. तिने प्रत्येक नट समोरासमोरच्या क्रमाने आवळला, तेव्हा त्यांचा एक डोळा आपसूक मिटला. पण बोलण्यासारखं काही सापडलं नाही. मग ते उठले आणि तिच्यासाठी चहा सांगून आले.

पुढच्या ओल्या सकाळी ते मुद्दाम अर्ध्या चढावर थांबले आणि निघाले. गाडी निमूटपणे वर गेली. काकू शेजारी नव्हत्या. त्या दहा मिनिटं आधीच पायी निघाल्या होत्या.

हल्ली सूतभर रस्त्याकडेला उभ्या गाड्यांपाशी वाकून आकडे वाचताना दिसतात. मालक संशयाने जवळ आला की त्याला टायरचं वय सांगतात. आणि त्याने पुढे काय करायचं विचारलं, तर म्हणतात, "दोन गल्ल्या सोडून माझ्या पुतणीचं गॅरेज आहे. मीही तिथेच जातो."