पहिलं माप

पुण्याच्या विमानतळावर मी प्रवाशांची वजनं वहीत लिहीत असे. काट्यापाशी जुन्नरचे एक मुसलमान गृहस्थ उभे असत. पूर्वी ते बाजारात कांदा तोलायचे. तिथली सवय म्हणून दिवसाच्या पहिल्या प्रवाशाला ते ‘एक’ म्हणत नसत. ‘बरकत!’ म्हणत आणि मग दोन, तीन. पुरुषांचं वजन खड्या आवाजात पुकारत. बायकांचं मात्र माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगत. हे त्यांना कोणी शिकवलं, ते विचारायचा मला कधी धीर झाला नाही.

एकदा जुन्नरजवळच्या राजुरीची एक म्हातारी आली. मुंबईत तिची मुलगी आजारी होती, जावयाने तिकीट धाडलं होतं. विमान लहान, आणि तिचं तांदळाचं गाठोडं बारा रत्तल जास्त भरलं.

“भाऊ, तू आपल्याकडचा. काटा जरा सैल धर की.”

“मावशी, बाजारात झुकतं माप देत व्हतो. हितं न्हाई जमायचं. वर माणसं असत्यात.”

“पोरीला ह्याच तांदळाची पेज पचती रं!”

त्यांनी गाठोडं उतरवलं. ती रडतच विमानात बसली. मला ते फार कठोर वाटले. तिकिटाच्या नोंदीतला जावयाचा पत्ता त्यांनी माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी काट्यापाशी वेगळाच माणूस होता. पहिल्या प्रवाशाला तो ‘एक’ म्हणाला. आमचे तोलणारे रजा टाकून सकाळच्या गाडीने मुंबईला गेले होते, गाठोडं मांडीवर घेऊन.