रशीदचा लेप

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका पेशंटची दाढ काढत होतो. ऐकलं, दाढ काढली, कापूस दाबून धरायला सांगितला, तासभर काही खाऊ नका म्हणालो. मग लातूरहून नांदेडची गाडी पकडली. रडू आलं नाही... अजूनही आलेलं नाही, आणि त्याचं कारण मला माहीत आहे.

आमची ओळख भूकंपातली. मी लातूरच्या दवाखान्यात शिकाऊ दंतवैद्य, तो नांदेडहून मदतीला आलेला, रसायनशास्त्र शिकणारा. जबडा मोडलेल्यांना आम्ही धातूच्या पट्ट्या बसवल्या होत्या. काहींच्या जखमा पुढे पट्टीखाली पिकल्या. ते पाहून तो म्हणाला होता, "धातूवर जंतूला बसूच दिलं न्हाई तर?" हा प्रश्न त्यानं नंतर कितीतरी वर्षं सोडला नाही. लातुरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या, तेव्हा हा सकाळी तीन बॅचना केमिस्ट्री शिकवायचा आणि शनिवारी नांदेडला घरी जाऊन तिथल्या प्रयोगशाळेत बसायचा. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा बारीकसा तुकडा. जंतू मारणारं असं एक पेप्टाइड तो कृत्रिम दातासाठी जबड्याच्या हाडात बसवतात त्या टायटॅनियमच्या खुंटीवर लेपासारखं चढवत होता. मी चिडवायचो, "जावयासारखं जपतोस की रे त्याला." तो म्हणायचा, "जावई रुसतो यार. हे हाडात बसतंय."

एकदा तो लेप चढवलेले चार चपटे तुकडे घेऊन आला. मी ते टाळूला बसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवायचे, आणि ती पट्टी त्यानं स्वतःच्याच तोंडात आठवडाभर वागवायची, जंतू बसतात का ते पाहायला. "कायबी करू नको, डॉक्टर. हायेत तसेच चिकटव," एवढं सांगून तो बॅचला पळाला. आणि मी... तोंडात जाणारी वस्तू आधी वाफेच्या यंत्रात घालायची, ही हाताची सवय. मित्राच्या तोंडात जाणारी तर नक्कीच. झाकण उघडल्यावर त्याचे शब्द आठवले. इतक्या उष्णतेत पेप्टाइड टिकत नाही. लेप डोळ्यांना दिसत नव्हताच, त्यामुळे गेलेलाही दिसला नाही. मी तुकडे चिकटवले आणि गप्प बसलो.

आठवड्यानं तुकड्यांवर जंतूंचा जाड थर निघाला. "माझ्या डोक्यातलंच चुकलं यार," रशीद म्हणाला आणि शनिवारीही शिकवणी घेऊ लागला. प्रत्येक भेटीत वाटायचं, आज सांगू. मग चहा यायचा, पोरांच्या निकालाच्या गोष्टी निघायच्या. असा भित्रा माणूस त्याला मित्र म्हणून मिळाला, याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात इथवर लिहिलेलं हे सगळं मी नसरीनभाभींना, त्याच्या पत्नीला, वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे तुमी तवाच बोलला असता तर ते परत लॅबला गेले असते, भाईजान." आवाज चढला नव्हता. उठून त्यांनी फ्रीज उघडला. अंड्यांच्या खणात एक डबी होती, आत त्याच लेपाचे आणखी दोन तुकडे. झाकणावर रशीदचं अक्षर : 'राखून ठेवलेले. डॉक्टरकडेच द्यायचे.'

मी डबी मागितली. त्यांनी दिली नाही.